पाळण्याला लागलेल्या मोहोळाची कहाणी

आमच्या दारच्या शेवग्यावर एकदा मोहोळ बसलं. सगळे ते जाळायला निघाले. मी हात जोडून बोलले, "आई, कुणाला न चावता हे दुसऱ्या घरी नांदायला जाऊ दे. मी पाच शुक्रवार मोहोळाची कहाणी सांगेन." गेलं बाई सुखरूप. आज तिसरा शुक्रवार. तर ऐका.

एका राज्यात वज्रकेतू नावाचा राजा होता. शिकारीत त्याला मधमाशी चावली. राजा कोपला, हुकूम काढला, राज्यातलं एकूण एक मोहोळ जाळलं. शेवटची राणीमाशी जळता जळता बोलली, "राजा, फुलं येतील, फळ धरणार नाही. तू आपल्या हातानं आम्हांला घर देशील, त्या दिवशी शाप सुटेल." पण घर देणार कुणाला? माशी उरली नव्हती.

बारा वर्षं भोपळी फुलली नि गळली. तेराव्या वर्षी राणी सुमेधेला मुलगी झाली. बारशाच्या सकाळी लेक पाळण्यात निजली, तोच कुठूनसं मोहोळ आलं नि पाळण्याच्या दोरीला लोंबलं. शिपाई पलिते घेऊन धावले. राणी आडवी आली.

"जाळ दाखवलात तर चवताळतील. आधी माझ्या लेकीला डसतील. मागं व्हा!"

खिडकीत वेडा राघू पक्षी बसला होता. तो बोलला, "महाराज, रानातल्या धुरपेला बोलवा. तिला मोहोळ उतरवता येतं."

"तुला रे काय ठाऊक?"

"माश्या हे माझं अन्न. आपल्या कृपेनं बारा वर्षं नाकतोड्यांवर काढली."

धुरपा आली. पाळण्याकडे बघून हळूच म्हणाली, "लेक निजलीय तोवर उरकू. यांना घर द्या."

राजानं सोन्याची पेटी मागवली. माश्या हलल्या नाहीत. "सोनं तापतं, महाराज," धुरपा म्हणाली. चंदनाची मागवली. "वास उग्र आहे." मग धुरपेनं उंबराचा पोकळ ओंडका ठेवला. दोन माश्या आत जाऊन फिरून आल्या.

धुरपा बोलली, "घर पसंत आहे. पण आत जुन्या मेणाचा वास नाही. चिमूटभर मेण चोळायला हवं."

राज्यात मेण कुठलं? प्रधान चाचरत बोलला, "आपल्या त्या हुकमावर मेणाचा शिक्का आहे, महाराज. पण तो फोडला की हुकूम रद्द."

लेक चुळबुळली. एक माशी तिच्या गालावर उतरली.

"आणा इकडे," राजा म्हणाला. शिक्का त्यानं स्वतः फोडला, मेण स्वतः ओंडक्यात चोळलं. "चुकलो," एवढंच बोलला.

धुरपेनं उघडा हात मोहोळात घातला, राणीमाशी तळव्यावर घेतली नि ओंडक्यात सोडली. "चला गं बायांनो, आई पुढं गेली." कणगीत धान्य ओतावं तशा माश्या आत गेल्या. गालावरचीही गेली. राजानं ओंडका उचलून बागेत नेऊन ठेवला.

राणीनं लेकीला उराशी घेतलं, गाल पाहिले, कान पाहिले, बोटं पाहिली. एकही डंख नाही. मग ती रडू लागली.

"आता का रडतेस?" राजानं विचारलं.

"आता रडता येतंय म्हणून."

पंधरवड्यात भोपळीला फळ धरलं. धुरपेला मानाची साडीचोळी मिळाली.

बायांनो, तुमच्या दारी मोहोळ आलं तर पलिता पेटवू नका. पोरांना घरात घ्या, जाणत्याला बोलवा, तोवर हात जोडून उभ्या राहा. मी बोलले तसं तुम्हीही बोला, आणि काम झालं की शेजारणीला ही कहाणी सांगा.