ताण कुणावर?

कुंदा हळदीपासून फोटो काढत उभी होती आणि अजून वरात निघायची होती. तेवढ्यात तिच्या स्टुडिओचे मालक मार्तंडराव मांडवात येऊन खेकसले, “पुन्हा कॅमेरा गळ्यात लटकवलास? पट्ट्यानं त्याच्यावर ताण येतो, पट्टा अडकवायच्या कड्या ढिल्या होतात. उद्यापासून पट्टेच काढून टाकतो. हातात धरायचा!”

वाद घालायचं त्राण कुंदात नव्हतं. तिनं कॅमेरा उतरवून सगळ्या पाहुण्यांदेखत मालकांच्याच गळ्यात घातला. “मी जेवून येते. तोवर कड्यांवर लक्ष ठेवा.”

ती सावकाश जेवून आली, तेव्हा मार्तंडराव दोन्ही हातांनी मान चोळत होते.

कुंदानं कड्या हलवून पाहिल्या.

“घट्ट आहेत, साहेब. ताण कुणावर येतो, ते मला विचारलं असतंत तरी चाललं असतं.”