शेवंतीची किटली आणि गोकर्णपरी

आटपाट नगर वगैरे काही नव्हतं. ओढ्याकाठी एक छोटंसं गाव होतं आणि गावाच्या टोकाला शेवंती आणि तिची आई राहायच्या. आई चाकावर मडकी घडवायची. उरलेल्या मातीची शेवंती इवलीइवली भातुकली करायची. बोटभर चूल, नखाएवढा तवा आणि चिमुकली किटली. काय देखणी असायची ती किटली! गेरूने लालेलाल रंगवलेली, वर पांढरे ठिपके, आणि तोटी अशी ऐटीत वर केलेली.

पण मडकी घेतो कोण आता? शेवटी आईच्या तडकलेल्या मोबाईलवर शेवंतीने दुकान मांडलं, 'शेवंतीची भातुकली'. रोज सकाळी ती एका भांड्याचा फोटो टाकायची. आणि लोक? 'किंमत?' असं विचारायचे आणि गडप व्हायचे. अरे, विचारलंत ना, मग उत्तर तरी ऐका! एका बाईने तर लिहिलं, 'मातीला एवढे पैसे?' मातीला नाही हो बाई, हाताला! पण सांगणार कोणाला?

त्यातच रस्त्यावरचा हॉटेलवाला आला. "तुमचं चाक विका मला," म्हणाला. "बागेत शोभेला ठेवतो, वर कुंड्या मांडीन."

तो गेल्यावर आई हळूच म्हणाली, "दिवाळीपर्यंत बघू, शेवंते. दुकान नाहीच चाललं तर देऊन टाकू चाक."

शेवंतीच्या अंगाचा तिळपापड झाला. आजोबांनी जन्मभर फिरवलेलं चाक, आणि त्यावर कुंड्या! ती तरातरा परसात गेली आणि गोकर्णीच्या वेलाखाली बसून मुसमुसू लागली. तेवढ्यात एक निळंशार फूल थरथरलं. आतून अंगठ्याएवढी परी बाहेर आली. निळे पंख, चंदेरी झगा, केसांत दवाचे चमचमते थेंब.

"किती गं रडतेस! माझ्या पाकळ्या भिजल्या," परी म्हणाली. "मी गोकर्णपरी. तुला तीन इच्छा देते. पण एका इच्छेत एकच गोष्ट मागायची. मागितलेलं परत घेता येत नाही. आणि तिन्ही मागून होईपर्यंत मला घरी जाता येत नाही, तेव्हा जरा लवकर आटप."

"माझी भांडी लोकांना दिसू देत!" शेवंती म्हणाली.

छुम्! मोबाईल जो वाजायला लागला तो थांबेचना. नाशिकहून मागणी, चिपळूणहून मागणी. शेवंती आनंदाने नाचली. पण माती काय घाईने वाळते? लोक विचारू लागले, 'कधी येणार? अजून का नाही?' शेवंती इतकी गांगरली की सकाळचा फोटो टाकायचंही राहून जाऊ लागलं. मग तिने दुसरी इच्छा मागितली. "भांडी आपोआप घडू देत!"

छुम्! गुलाबी, जांभळी, सोनेरी भांड्यांचा ढीग पडला. घाईघाईत, बोटाने वाजवूनही न बघता, गवतात गुंडाळून, खोक्यांत भरून तिने सगळी पाठवून दिली. आणि मग नाशिकच्या छोट्या स्वरदाचा आवाज आला मोबाईलवर. "शेवंतीताई, मी किटलीत पाणी घातलं ना, तर तिचा चिखलच झाला. माझ्या बाहुलीला चहा मिळालाच नाही." पाठोपाठ सगळ्यांच्या तक्रारी. फसवलंत आम्हाला!

शेवंती धावत वेलाकडे गेली. "ही भांडी भाजलेली नव्हती?"

"तू घडू देत म्हणालीस. भाजायचं कुठे म्हणालीस?" परी केस विंचरत म्हणाली. "एका इच्छेत एकच गोष्ट."

"अगं, न भाजलेलं भांडं म्हणजे काय भांडं असतं? परी झालीस म्हणून काय झालं, एवढी साधी अक्कल नको?"

परीशी असं कधी कोणी बोललं नव्हतं. ती चाचरत म्हणाली, "मग तिसरी इच्छा माग. सगळे हे विसरून जाऊ देत म्हण."

"ते विसरतील. पण स्वरदाच्या किटलीचं काय? दुकानावर नाव माझं आहे! नको मला तुझी इच्छा."

शेवंतीने सगळ्यांना लिहिलं, 'चूक माझी. भांडी कच्ची गेली. प्रत्येकाला नवी देईन, भट्टीत भाजून.' आणि बसली माती मळायला. घडवायची, सावलीत वाळवायची, भाजायची, पाणी भरून बघायची. रोज सकाळी फोटो टाकायची, आज हे तयार झालं. कोणी शाबासकी दिली? छे! शिव्या तेवढ्या मिळाल्या. पावसाने भट्टी विझली त्या दिवशी तिने विझलेल्या भट्टीचाच फोटो टाकला. परी आधी फुरंगटून बसली. मग एक दिवस चुपचाप आली आणि इवल्या पंखांनी निखाऱ्यांना वारा घालू लागली. चंदेरी झगा काळाकुट्ट झाला तरी थांबली नाही.

शेवटचं खोकं रवाना झालं आणि दिवाळी आली. सकाळीच हॉटेलवाल्याचा टेम्पो दारात उभा राहिला. शेवंती परसात पळाली. आता चाक वाचवायला इच्छाच मागायची! बघते तर वेल सुकलेला, एकच फूल लोंबतंय, आणि त्यात परी मलूल पडलेली.

"हे फूल गळलं की माझी घरची वाट बंद, आणि आणखी एक इच्छा पुरी केली की घरी उडायचं बळ उरणार नाही," परी पुटपुटली. "पण तू चाक माग."

"वेडी कुठली! आधी नाही का सांगायचं?" शेवंती ओरडली. डोळ्यांत पाणी, आणि बाहेर टेम्पोचा भोंगा. "माझी तिसरी इच्छा, तू घरी जा!"

सगळं परस निळ्यासोनेरी उजेडाने भरून गेलं. उजेड विझला तेव्हा वेलावर कोणीच नव्हतं.

शेवंती डोळे पुसत अंगणात आली. चाकाला दोर बांधून झाले होते. तेवढ्यात आईच्या हातातला मोबाईल वाजला. स्वरदाची आई होती. "नवी किटली मिळाली. गरम चहा ओतून पाहिला, काही होत नाही! आम्ही रोज सकाळी तुमचा फोटो बघतो हो. विझलेल्या भट्टीचाही पाहिला. आमच्या बालवाडीतल्या सगळ्या मुलांना भातुकली हवी आहे. द्याल ना?"

आईने पदर खोचला आणि स्वतःच्या हाताने दोर सोडले. "चाक विकायचं नाही," ती हॉटेलवाल्याला म्हणाली. "कुंड्या हव्या असतील तर घडवून देते."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंतीने नेहमीसारखा किटलीचा फोटो टाकला. खाली लगेच कोणीतरी विचारलं, 'किंमत?' शेवंतीच्या कपाळावर आठी चढली. मग तिने नाव पाहिलं. नावाच्या जागी नुसतं एक निळं फूल होतं, आणि पुढे लिहिलं होतं, 'माझ्या मापाची हवी.'

शेवंतीने हसत उत्तर लिहिलं, 'मिळेल. पण भाजलेलीच मिळेल!'