कोठाराची तीन कुलपे

फार फार वर्षांपूर्वीची, गावचा कारभार अजून कागदावाचून चालत असे तेव्हाची ही गोष्ट.

नदीकाठी एक गाव होते. गावात तीन आळ्या होत्या आणि तिन्ही आळ्यांचा एकमेकींवर काडीचाही विश्वास नव्हता. तरी गाव सुखाने नांदत होते, कारण हा अविश्वास त्यांनी नीट रीतीत बसवला होता. सगळ्या गावाचे बियाणे एका दगडी कोठारात ठेवले जाई. कोठाराच्या दाराला तीन कुलपे असत आणि प्रत्येक आळीकडे एकाच कुलपाची किल्ली. तिघे किल्लीदार एकत्र आल्याखेरीज दार उघडत नसे. वरच्या आळीची किल्ली म्हाळोजीकडे होती, मधल्या आळीची गोदूआक्काकडे आणि खालच्या आळीची सटवाजीकडे. दाराबाहेर भिवा नावाचा म्हातारा राखणदार बसे. दुपारी तो जेवायला घरी जाई आणि तिथेच जरा लवंडे. तीन कुलपे असताना राखायचे तरी काय, असे त्याला वाटे.

एका वर्षी तिन्ही कुलपे गंजून निकामी झाली. नवी आणण्याचे काम गावाने म्हाळोजीवर सोपवले, कारण घासाघीस करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

गावचा लोहार म्हणाला, "एकेका कुलपाला एक पोतं ज्वारी पडंल, बाबा. आणि महिनाभर लागंल."

"महिना? कुलूप करतोस का देऊळ बांधतोस?"

"एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागता कामा नये. खाचा हातानं कापायच्या, मग तिन्ही किल्ल्या तिन्ही कुलपांत घालून बघायच्या. नऊ वेळा बघावं लागतं."

"मग आठ वेळा बघ आणि भाव उतरव."

लोहार हसला नाही. भावही उतरला नाही. म्हाळोजी उठला आणि तडक बंदरावर गेला.

बंदराला समुद्रापलीकडचे गलबत लागले होते. त्यात पितळेची कुलपे होती, आरशासारखी चकचकीत. तिन्ही मिळून अर्धे पोते ज्वारी. म्हाळोजीने सवयीने घासाघीस केली, तेव्हा व्यापाऱ्याने वर तेलाची एक कुपी दिली.

"आणि शेटजी, एखादी किल्ली हरवली तरी चिंता नको," व्यापारी म्हणाला. "तुमचं काम अडायचं नाही."

व्यापारी खरे तेच सांगत होता. त्याच्या देशात घराची सगळी दारे एकाच मालकाची असत आणि ती एकाच किल्लीने उघडणे ही मोठी सोय मानली जाई. काम कसे अडणार नाही, हे म्हाळोजीने विचारले नाही. तो वाचलेली ज्वारी मनात मोजत होता.

गावाने त्याची पाठ थोपटली. लोहाराने महिनाभर वाट पाहिली, मग भाता गाडीत घातला आणि तो सासुरवाडीच्या गावी निघून गेला. त्याला कोणी थांबवले नाही.

पुढे हिवाळ्यात एका दुपारी म्हाळोजी आपल्या कुलपाला तेल द्यायला कोठारावर गेला. भिवा जेवायला गेला होता. बोलूनचालून तेल फुकटचे, म्हणून म्हाळोजीने शेजारच्या कुलपालाही दोन थेंब घातले आणि तेल आत मुरावे म्हणून आपलीच किल्ली त्यात फिरवली. कुलूप उघडले. त्याने तिसऱ्यात किल्ली घातली. तेही उघडले.

म्हाळोजी घाबरला. हे गावाला सांगायला हवे, असे त्याच्या मनात आले. पण घरी पाहुणे होते आणि कणगीने तळ गाठला होता. त्याने दोन पायल्या ज्वारी उपरण्यात बांधली. सुगी झाली की परत टाकू, असे त्याने मनाशी ठरवले. असे ठरवणे सोपे जाते हे ध्यानात आल्यावर त्याने ते आणखी नऊ वेळा ठरवले.

पेरणीचा दिवस आला. गाव कोठारापुढे जमले. तिघे किल्लीदार गंभीर चेहऱ्याने पुढे झाले, ज्याने त्याने आपापले कुलूप उघडले. आत सूपभर दाणे होते.

म्हाळोजीने मनात हिशेब केला. आपण नेल्या वीस पायल्या. वीस पायल्यांनी कोठार रिकामे होत नाही. त्याने गोदूआक्काकडे पाहिले. ती बोटांची पेरे मोजत होती. सटवाजीचे ओठ हलत होते.

"काय झालं हे?" गावाने विचारले.

"उंदीर!" तिघेही एका दमात म्हणाले. या तिघांचे कशावर एकमत झालेले गावाने प्रथमच पाहिले.

"एक लेंडी नाही टाकली?" एक बाई म्हणाली. "भारीच टापटिपीचे उंदीर म्हणायचे!"

मग सगळ्यांच्या नजरा भिवाकडे वळल्या. किल्लीदार तर एकमेकांचे तोंड बघत नाहीत, ते मिळून चोरी कशी करतील? तेव्हा चोर भिवाच. याची झोपडी मोडा, याला वेशीबाहेर घाला, असा ओरडा झाला. दोघांनी त्याचे दंड धरले.

भिवा म्हाळोजीकडे वळून म्हणाला, "बाबा, माझ्यापाशी किल्ली नाही. तुमच्यापाशी आहे. दार कसं उघडलं, ते तुम्हीच सांगा."

म्हाळोजीने मान खाली घातली. मग दार ओढून त्याने तिन्ही कुलपे लावली आणि आपल्या एका किल्लीने एकामागून एक उघडून दाखवली.

"वीस पायल्या मी नेल्या," तो म्हणाला. "सोडा त्याला."

गोदूआक्का म्हणाली, "मला वाटलं, मला एकटीलाच ठाऊक आहे."

"मलाही तसंच वाटलं होतं," सटवाजी पुटपुटला.

तिघांच्या घरांतून उरलेसुरले दाणे गोळा झाले. त्यांत गावची तिसरा हिस्सा जमीन पेरून झाली. बाकीच्या जमिनीत गवत वाढले. अर्धे गाव परगावी मजुरीला गेले. जाणाऱ्यांत सर्वांत पुढे म्हाळोजी होता, आणि त्याच्याशी वाटेत कोणी बोलले नाही.

तात्पर्य: स्वस्त परदेशी वस्तूचा भाव विचारण्याआधी, ती घडवणाऱ्याला आपल्या गावची रीत ठाऊक आहे का, हे विचारावे.