वैलावरची आमटी

गॅरेजवाल्या तात्यांचा हेका एकच: ताकद वाढवायला ट्रकच्या इंजिनाला सुपरचार्जर बसवायचा. इंजिनिअर सून वसुधा म्हणत होती टर्बो.

"भाकरी होईपर्यंत मला पटव, नाहीतर गॅरेजात पाऊल टाकायचं नाही!" तात्या चुलीपुढे बसत गरजले.

वसुधाने भाकरीखालची पेटती लाकडं ओढून शेजारी दुसरी चूल पेटवली आणि वैलावरची, म्हणजे चुलीला जोडलेल्या बाजूच्या तोंडावरची, आमटी तिच्यावर ठेवली. आमटी झटकन उकळली, भाकरी मात्र कच्ची राहिली.

"अगं, भाकरीचा जाळ का पळवलास? चुलीतून वाया जाणाऱ्या धगीवर वैलावर आमटी फुकटात शिजते की!"

"मामंजी, इंजिनाचीच ताकद खातो तो सुपरचार्जर. वाया जाणाऱ्या धुरावर फिरतो तो टर्बो."

तात्या गडबडले. "पण वैल तापायला वेळ लागतो, तसाच तुझ्या टर्बोलाही."

"लागू दे. तोवर तुम्ही माझ्याशी भांडा."

तात्यांनी हसत गॅरेजची किल्ली पुढे केली. "आधी माझी आमटी वैलावर ठेव."