तीनदा गेलो, घर बंद

“बाबा, आता तरी पटलं का?”

उन्मेषने वहीवर बोट आपटलं. नाथबाबा मठाच्या ओट्यावर सूप घेऊन ज्वारीतले खडे वेचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“काय पटायचं?”

“रोग गरिबीचाच आहे. माळावरच्या वस्तीत अकरा जण सापडले. वरच्या आळीत एकही नाही. एकसुद्धा!”

नाथबाबांनी एक खडा उचलून बाजूला टाकला.

उन्मेष कारखानीस पुण्याहून आला होता, गरिबी आणि एड्स यांचं नातं शोधायला. गाव ट्रक ड्रायव्हरांचं. वरच्या आळीत गाड्यांचे मालक, माळावर त्यांचे क्लीनर आणि हमाल. चाळीस दिवस तो दारोदार हिंडला, प्रश्न विचारले, होकार देतील त्यांचं रक्त तपासून घेतलं. मुक्काम मठात. बाबांना तो गुरू म्हणायचा, पण ते सकाळी पाया पडण्यापुरतं. बाकी दिवसभर बाबांना शिकवण्याचं काम त्याच्याकडेच होतं.

आज त्याची बॅग भरलेली होती. दुपारची एसटी गाठायची होती.

“शेवटच्या पानावर शिफारससुद्धा लिहिली,” तो म्हणाला. “औषधाची गाडी महिन्यातून एकदा चावडीपाशी थांबते. ती इथून पुढे थेट माळावर न्यावी. वरच्या आळीला तिची गरज नाही.”

बाबांचे हात थांबले.

“समद्या दारात गेलास?”

“सगळ्या.”

“मी चाळीस वर्सं भिक्षा मागतोय. मला अजून समदी दारं गावली न्हाईत.”

उन्मेष हसला. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं, असं त्याचं मत होतं.

“सतरा घरं बंद होती, ती सोडून. त्याचाही नियम असतो, बाबा. तीनदा जायचं. तिन्ही वेळा कुलूप दिसलं तर ‘घर बंद’ लिहायचं आणि पुढच्या घरी जायचं. मी प्रत्येक ठिकाणी तीनदा गेलो. कुणी इतकं जात नाही.”

“त्या सतरांत वरच्या आळीतली किती?”

उन्मेषने पान उलटलं.

“चौदा. तीन चावडीपाशी... वरची पैसेवाली माणसं. गावाला जातात, देवाला जातात.”

बाबा उठले. खुंटीवरची झोळी काढली आणि उन्मेषच्या खांद्याला अडकवली.

“चल.”

“बाबा, माझी एसटी...”

“भिक्षेला येळ लागत न्हाई.”

झोळी घेऊन गावातून चालायचं म्हणजे उन्मेषला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कालपर्यंत याच रस्त्याने लोक त्याला ‘साहेब’ म्हणून रामराम घालत होते. ऊन मी म्हणत होतं. माणसं कामाला गेलेली, आळी सामसूम होती.

जगदाळ्यांचं घर आलं. दुमजली, नवा रंग दिलेला, दाराला पितळी कुलूप.

उन्मेषने वही न उघडताच सांगितलं, “हे बंद आहे. तीनदा आलोय मी.”

बाबा दाराकडे गेलेच नाहीत. घराच्या कडेने बोळ होता, त्यात ते शिरले. बोळात एक खिडकी होती. बाबा तिच्याखाली उभे राहिले आणि हळूच म्हणाले,

“अलख...”

काही नाही.

उन्मेष घाम पुसत उभा राहिला. रिकाम्या घरापुढे भीक मागणारा माणूस त्याने आजवर पाहिला नव्हता. त्याला हसू येत होतं.

खिडकीची कडी वाजली. झडप चार बोटं उघडली.

गजांतून एक हात बाहेर आला. बाईचा हात, काडीसारखा वाळलेला. मुठीत ज्वारी होती. बाबांनी उन्मेषला पुढे ढकललं. त्याने झोळी पसरली. ज्वारी झोळीत पडली.

याच घराची तीन वेळा कडी वाजवली होती त्याने. तीन वेळा तारीख, वेळ, सही, सगळं नीट लिहिलं होतं.

“आज उशीर केलासा, बाबा,” आतून आवाज आला.

“झाला गं, वनिता. बरी हायेस न्हवं?”



“गोळ्या संपल्या, बाबा. आज चौथा दिस. न्हेमी नणंद आणायची औषधाच्या गाडीवरनं, गुपचूप. ती सासरी गेली. मंगळवारी भोंगा ऐकला मी. दारापातूर गेले... पर कुलूप.”

बाबांनी भिंतीला हात टेकला. हे त्यांनाही नवं होतं, त्यांच्या चेहऱ्यावरून ते कळलं.

“सासू रोजच कुलूप लावती?”

“गाव जमवून सरपंचांनी सांगितलं न्हवं का, तपासणीवाले येणार म्हणून? त्या दिसापासनं. शेतात जाताना लावत्यात. घराण्याचं नाव कागदावर चढाया नको, म्हणत्यात... बाबा, ते कागदवालं गेलं का हो? ते गेलं की कुलूप काढनार हायेत.”

हे कुलूप उन्मेषसाठी होतं! तो आला नसता तर ही बाई मंगळवारी आपल्या पायांनी चावडीपर्यंत गेली असती. रोग शोधायला आलेल्या माणसाने तिचं औषध तोडलं होतं.

तो बाबांचा हात धरून त्यांना बोळाच्या तोंडाशी घेऊन आला.

“तुम्हाला माहीत होतं?”

“कुलूप म्हाईत होतं. गोळ्यांचं आत्ता कळलं.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“पैल्या दिशी म्हनलो, माझ्यासंगं फेरीला चल. तू म्हनलास, बाबा, तुमचा फेरा शास्त्रीय न्हाई.”

म्हणाला होता खरा. शिवाय वर हसलाही होता.

“आणि बाकीची तेरा घरं?”

बाबा आळीतल्या बंद दारांकडे पाहू लागले.

“बाबा... तेराही?”

“समद्यांचं मला ठावं न्हाई. चार खिडक्यांतनं भिक्षा मिळती.”

“पण मग माळावर अकरा कसे सापडले? तिथे कुणीच कसं लपवलं नाही?”

“माळावर दाराला कडी हाय का, तूच सांग. तू तर समद्या दारात गेलायस.”

माळावरची घरं उन्मेषच्या डोळ्यांपुढे आली. पत्रे, पोत्याचे पडदे. एकच खोली, तिच्यात सहा माणसं. ज्याला लपायला दुसरी खोलीच नाही तो त्याच्या वहीत सापडला होता, आणि एवढ्यावर त्याने निष्कर्ष काढून खाली ठळक रेघ मारली होती. त्याला स्वतःची शिसारी आली.

त्याने आजूबाजूला पाहिलं. बोळात एक धोंडा पडला होता. तो उचलून दाराकडे धावला. कुलपावर घाव घालणार, तेवढ्यात बाबांनी त्याचं मनगट पकडलं. म्हाताऱ्याच्या पकडीत एवढा जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

“फोडशील. आन सांजच्याला तिची सासू आली मंजी? त्या पोरीला कुठं ठिवशील? वहीत?”

धोंडा हातातून सुटला.

उन्मेष पायरीवर बसला. सवयीने त्याने वही काढली, पेन काढलं, जगदाळ्यांच्या घराचं पान उघडलं. त्याच्याच सुबक अक्षरात तिथे तीन ओळी होत्या. त्या खोडायला त्याने पेन टेकवलं आणि तसाच बसून राहिला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“मी आता काय करू, बाबा?”



बोळातून पुन्हा आवाज आला. खिडकी अजून उघडीच होती.

“बाबा... हायसा का? सांगा की. गेलं का ते कागदवालं?”

उन्मेषने बाबांकडे पाहिलं. ‘गेले’ म्हणावं तर खोटं, ‘नाही’ म्हणावं तर ती झडप लागणार आणि कडी पडणार.

“काय सांगू तिला?” त्याने कुजबुजत विचारलं.

नाथबाबांनी त्याच्या खांद्यावरची झोळी काढून घेतली. त्याला दंडाला धरून उठवलं आणि बोळाकडे वळवलं.

“सांग, कागदवाला आज आलाय.”