जोत्याखालचं आणि जोत्यावरचं

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलांनो, तुम्ही तर ऐकाच. पण ज्यांना घर बांधायचं आहे अशा मोठ्या माणसांनी जरा पुढे सरकून बसा.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथली माणसं भली, कष्टाळू आणि एका बाबतीत कमालीची हट्टी होती. घर बांधायचं ठरलं की मालकाने गवंड्याच्या हातावर विडा ठेवायचा आणि म्हणायचं, "घर बांध." गवंड्याने विडा तोंडात टाकून म्हणायचं, "बांधलं." मग एक आकडा बोलला जायचा, नारळ फुटायचा आणि काम सुरू. विडा देताना प्रश्न विचारणं म्हणजे गवंड्यावर अविश्वास दाखवणं, आणि अविश्वासाने बांधलेलं घर लाभत नाही, असं सगळे मानत.

त्यामुळे घर म्हणजे काय काय, हे कुणी विचारतच नसे. एका सोनाराला सुरेख घर मिळालं, पण त्याला दार नव्हतं. गवंडी म्हणाला, "दार सुताराचं." सोनार म्हणाला, "दाराशिवाय घर कसलं?" दोघांचंही म्हणणं खरं होतं, म्हणूनच भांडण मिटेना. बिचारा सोनार सगळा पावसाळा दाराच्या जागी खाट आडवी टाकून निजला.

काहींनी यावर उपाय म्हणून रोजाने काम दिलं. जेवढे दिवस काम, तेवढ्या दिवसांची मजुरी. तिथे निराळीच तऱ्हा. काम मुंगीच्या पावलाने चाले आणि मालक शेत सोडून उन्हात गवंड्याच्या डोक्यावर उभा. उक्त्या कामात, म्हणजे एकच रक्कम ठरवून दिलेल्या कामात, गवंड्याची झोप उडायची आणि रोजाच्या कामात मालकाची. हे सगळ्यांना दिसत होतं, पण रिवाज मोडायची हिंमत कुणाला नव्हती.

त्याच गावात एक कोष्टीण राहायची. राहायची म्हणजे पाटलांच्या गोठ्याच्या पडवीत. तिथेच जमिनीत खड्डा करून तिने माग बसवला होता. सासू सूत उकलायची, ही विणायची. नवरा गेल्यापासून दोघींचं पोट त्या मागावर होतं. पाटलांनी पडवी दिली होती ती मायेनेच; पण यंदा त्यांचं पीक जोमाने आलं होतं. ते म्हणाले, "पोरी, सुगी आली की धान्य कुठं ठेवू? तोवर पडवी मोकळी करून दे."

खड्ड्यातला माग काही पाठीवर घेऊन हिंडता येत नाही. तो उखडला आणि बसवायला जागा नसली, की दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायचं, हे तिला पक्कं माहीत होतं. वेशीजवळ तिचा जमिनीचा एक तुकडा होता आणि पोटाला चिमटा काढून साठवलेली थोडी पुंजी होती. ती एकदाच घर बांधण्यापुरती होती. चुकायला जागा नव्हती.

ठरल्या दिवशी गाव जमलं. गवंडी आला. तो हुशार होता, नावाजलेला होता आणि हे त्याला स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं. कोष्टिणीने विडा काढला, पण त्याच्या हातावर ठेवला नाही.

"दादा, आधी सांगा. घरात काय काय येतं?"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. पाटील खाकरले. गवंडी म्हणाला, "बाई, घरात घर येतं."

"दार येतं का? कौलं कुणी आणायची? गिलावा आतूनच, की बाहेरूनही?"

"माझ्या बापानं निम्मं गाव बांधलं. त्याला असं कुणी विचारलं नाही."

"विचारलं असतं, तर सोनारकाकांना दार मिळालं असतं."

लोक हसले. गवंड्याचा चेहरा लाल झाला. तो पाठ फिरवून तरातरा निघून गेला.

सासू रडकुंडीला आली. "विडा देऊन टाकायचा होतास गं. आता कोण बांधील आपलं घर?"

"तोच बांधील," कोष्टीण म्हणाली. "त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. पण विचारल्याशिवाय मी विडा देणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गवंड्याच्या अंगणात गेली. चुना मळायच्या घाण्याला बैल जुंपलेला होता आणि गवंडी त्याच्यामागे फिरत होता. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. ती दगडावर बसून राहिली आणि दुपारी उठून गेली. पुढच्या दिवशी पुन्हा आली. त्याच्या पुढच्या दिवशीही. शेवटी गवंड्यालाच राहवेना.

"काय हवंय तुम्हाला?"

"तुम्ही घराचा आकडा नेहमी एवढा चढा का सांगता, ते."

गवंड्याने बैल थांबवला. "जमिनीच्या भीतीनं. मागं एका घराचा पाया खणताना कातळ लागला. आकडा बोलून बसलो होतो. तो फोडता फोडता माझी बैलजोडी गेली. तेव्हापासून प्रत्येक घराच्या आकड्यात तो कातळ धरतो. असो, नसो."

"म्हणजे माझ्या जमिनीत कातळ नसला, तरी पैसे मी द्यायचे?"

"आणि ठरल्याहून जास्त निघाला, तर मी मरायचं."

मग कोष्टीण म्हणाली, "जमिनीखालचं तुम्हाला दिसत नाही, मलाही दिसत नाही. मग त्याचा आकडा आपण बोलतोच कशाला? पाया रोजानं करा. जे निघेल त्याचा खर्च माझा. जोत्यावरचं, म्हणजे पायाच्या वरचं, मात्र आजच मोजता येतं. ते उक्तं घ्या. तिथं हिशेब चुकला, तर तो तुमचा."

गवंडी विचारात पडला. या बाईच्या बोलण्यात कुठेतरी खोट असणारच, असं त्याला वाटत होतं. "आणि पाया मी मुद्दाम लांबवला तर?"

"छातीएवढं खोल गेलात की थांबायचं आणि मला बोलवायचं. मधे काही भलतं निघालं तरी बोलवायचं. पुढचं दोघांनी बघून ठरवायचं."

"मधेच तुम्हाला आणखी एक खिडकी हवीशी वाटली तर?"

"तिचे पैसे वेगळे. पण भिंतीला हात लावण्याआधी सांगायचे."

मग दार झालं, कौलं झाली, गिलावा झाला. चौकटीच्या लाकडावरून तर चांगलीच जुंपली. पैसे कधी द्यायचे तेही ठरलं: काही जोतं झाल्यावर, काही भिंती पुऱ्या झाल्यावर, आणि राहिलेले कौलं चढून घर नीट बघून झाल्यावर. दोघांनी पाटलांसमोर जाऊन सगळं मोठ्याने बोलून दाखवलं. त्यानंतरच तिने विडा दिला.

खणायला सुरुवात झाली. जिथे माग बसायचा होता त्या कोपऱ्यात कुदळ बसली आणि माती भसकन आत गेली. खाली जुनं पेव होतं. धान्य साठवायला कुणीतरी कधीकाळी जमिनीत खणलेली ती पोकळी सगळं गाव विसरून गेलं होतं. गवंड्याने कोष्टिणीला बोलावून घेतलं.

त्याने वाकून आत डोकावलं. मग म्हणाला, "बाई, खरं सांगतो. जुन्या रिवाजानं आकडा ठरला असता, तर हे मी तुम्हाला दाखवलं नसतं. मुकाट्यानं माती लोटली असती आणि वर भिंत चढवली असती. चार-दोन वर्षं उभी राहिली असती."

कोष्टिणीला त्याचा संताप आला. मग तिच्या ध्यानात आलं, की आज तो हे बोलू शकला, कारण आज खरं बोलण्यात त्याचं नुकसान नव्हतं.

"भरायला किती लागेल?"

गवंड्याने अंदाज सांगितला. एवढी रक्कम तिच्याकडे जास्तीची नव्हती. ठरलेल्या घराला पुढे एक ओसरी होती आणि सासूचा जीव त्या ओसरीत अडकला होता. पण कोष्टिणीने दम घ्यायलाही वेळ लावला नाही.

"ओसरी नको. पेव दगडांनी भरा. तळापासून."

ओसरीची रक्कम उक्त्या कामातून वजा झाली आणि तेही पाटलांसमोर बोललं गेलं. पेव भरलं, जोतं उठलं, भिंती चढल्या. भिंती ठरल्या तेवढ्याच जाड झाल्या, कारण जमिनीने बुडवलेलं भिंतीतून काढायची वेळ गवंड्यावर आली नव्हती. पहिली धान्याची गाडी पाटलांच्या गोठ्याशी आली, तेव्हा पडवी रिकामी होती आणि वेशीजवळच्या नव्या घरात माग वाजत होता.

गावाने हे पाहिलं. पुढे गवंडीच लोकांना सांगू लागला, की खालचं आणि वरचं वेगळं बोलायचं असेल तरच मला बोलवा. त्याचे आकडे उतरले आणि कामं वाढली. सासूने काही दिवस ओसरी नाही म्हणून कुरकुर केली. मग एके दिवशी ती आपणच चरखा घेऊन आत गेली आणि पेवावरच्या त्या भिंतीला पाठ टेकून निवांत सूत उकलत बसली.

बोध: जे कुणालाच दिसत नाही त्याचा आकडा बोलू नये, ते निघालं तर भार कुणी उचलायचा, एवढं मात्र काम सुरू होण्याआधी बोलून घ्यावं.