तेल वरून काढायचं की खालून

“वरून की खालून, एवढंच सांगा उस्ताद. बाकीचं माझं मी बघते.”

शेटेबाईंनी हे तिसऱ्यांदा विचारलं. बाबूलाल मुल्ला अंगणातल्या बाकड्यावर बसून सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसत होते. एक काच पुसून झाली. त्यांनी दुसरी घेतली.

मिरजेत त्यांनी पंचेचाळीस वर्षं मोटारी दुरुस्त केल्या. आता गॅरेज बंद होतं, हात थरथरायला लागले होते, पण माणसं विचारायला यायची ती यायचीच. उस्तादांचा स्वभाव असा की गाडीच्या पोटातलं दुखणं आवाजावरून ओळखतील, पण ते तुम्हाला सांगायला अर्धा दिवस घेतील. घाई असलेल्या माणसानं त्यांच्याकडे जाऊ नये.

आणि शेटेबाईंना घाई होती.

“खंडेनवमीला पाच दिवस राहिले आहेत,” त्या म्हणाल्या.

“हं.”

“त्याच्या आत गाडीचं इंजिन ऑइल बदललं पाहिजे. घरी. मी स्वतः बदलणार आहे.”

“हं...”

बाईंनी पिशवीतून वही काढली. कुमुदिनी शेटे यांनी कन्याशाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं होतं. पायरी गाळून आलेल्या बरोबर उत्तराचेसुद्धा त्या निम्मे गुण कापायच्या. आयुष्यात कुणाकडे काही विचारायला जायची वेळ त्यांच्यावर फारशी आली नव्हती, आणि आज आली होती तर निदान अभ्यास करून आल्याशिवाय त्या उंबरा ओलांडणार नव्हत्या.

“पहिली पद्धत,” त्यांनी वाचायला सुरुवात केली. “तेल मोजायची पट्टी काढायची, तिच्या भोकातून बारीक नळी आत सोडायची आणि हातपंपानं जुनं तेल वर ओढून घ्यायचं. उभ्याउभ्या काम होतं. हात माखत नाहीत. दुसरी पद्धत, गाडी लोखंडी उतारावर चढवायची, खाली शिरायचं, इंजिनखालच्या चेंबरचा बोल्ट काढायचा आणि तेल घमेल्यात पडू द्यायचं. सोय, वेळ, धोका, स्वच्छता, अशा आठ बाबींना मी गुण दिलेत. पंपाला शंभरापैकी चौऱ्याऐंशी पडले. बोल्टला एकसष्ट.”

“मग इचारायला कशाला आलासा?”



“हे बोल्टनं करायचे,” त्या म्हणाल्या. “बावीस वर्षं.”

हे म्हणजे महालिंगअप्पा शेटे, बाईंचे यजमान. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, कमी बोलणारा, हट्टी माणूस. दर नवरात्रात ते गाडीचं तेल घरी बदलायचे. खंडेनवमीला पाने, पक्कड, हातोडी पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचे आणि मग गाडीला झेंडूचा हार. जुनं तेल पोटात ठेवून गाडीला हार घालू नये, हा त्यांचा नियम. असा नियम कुठल्या पोथीत नाही, पण अप्पांपुढे पोथीचं काय चालणार?

पौषात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं. नऊ महिन्यांत ते भिंत धरून अंगणापर्यंत चालायला लागले, जीभही थोडी सुटली. पण कशात मन उरलं नव्हतं.

उस्तादांनी बाकड्यावरची किटली उचलली. चहा ओतायला घेतला, तसा हात हलला आणि किटलीची तोटी ग्लासाच्या काठावर किणकिण वाजू लागली.

“द्या इकडं,” म्हणून बाईंनी किटली त्यांच्या हातातून घेतलीसुद्धा. दोन ग्लास भरले. एक थेंब सांडला नाही. एक ग्लास उस्तादांपुढे ठेवला, एक आपल्यापुढे.

उस्तादांनी भरलेल्या ग्लासाकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं.

“सोमवारी हे म्हणाले, गाडी विकून टाक,” बाई सांगत होत्या. त्यांचा आवाज वर्गातला होता, पण शेवटी जरा घसरला. “मी ऐकू न आल्यासारखं केलं. पुन्हा म्हणाले. उस्ताद, ह्या माणसानं बावीस वर्षांत त्या गाडीचा दुसऱ्याला आरसा पुसू दिला नाही. आज ते गाडी विका म्हणतात, उद्या काय म्हणतील? मला भीती वाटते. स्वतःचं सगळं आवरायला घेतल्यासारखं बोलतात.”

उस्तादांनी चष्म्याची काच पुन्हा पुसायला घेतली.

“म्हणून मी ठरवलंय. त्यांना काडीचा त्रास न देता, त्यांच्या नियमानं, वेळेत तेल बदलायचं. नवमीला त्यांना खुर्चीत बसवून अंगणात आणायचं आणि गाडी दाखवायची. तुमच्यावाचून काही अडलेलं नाही, सगळं चालू आहे, एवढं त्यांना दिसलं पाहिजे.”

शेजारच्या घरात कुणीतरी मसाला कुटत होतं.

“दोन्हीत तेल निगतं?” त्यांनी विचारलं.

“निघतं.”

“एकटीनं कुठल्या पद्धतीनं हुतं?”

“पंपाच्या.” बाईंचा चेहरा उजळला. अखेर मुद्द्याची गोष्ट निघाली होती. “अगदी एकटीनं होतं. कुणाची गरजच पडत नाही.”

“मग पंप नको.”

बाईंना वाटलं, उस्तादांना कमी ऐकू येत असावं. त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. उस्तादांनी पुन्हा तेच सांगितलं, जरा हळू.

“पंपानं तेल नीट निघत नाही का? गाळ तळाशी राहतो का?”

“नीट चालवला तर चांगला निगतो. माझ्या गॅरेजात हुता की पंप.”

“मग?”

“तुमच्यासाठी नको.”

आता मात्र बाईंना राग आला. पायरी गाळलेली होती. त्यांना आयुष्यभर ज्याची चीड, नेमकं तेच हा माणूस चष्मा पुसत पुसत करत होता. त्यांनी वही मिटली.

“ठीक आहे. बोल्ट तर बोल्ट. मी तीही तयारी केली आहे. यांनी करून घेतलेले लोखंडी उतार आहेत. गाडी चढवते.”

“नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं न्हाई, काय?”

“नाही. उतारावरच. हॅंडब्रेक लावते, मागच्या चाकांना विटा लावते.”

“इंजिन?”

“थोडं गरम करून बंद करायचं. तेल पातळ होतं. पण हात भाजेल इतकं नाही.”

“पाना?”

“सतराचा रिंग पाना. भिंतीवर त्याची खूण आहे, यांनी प्रत्येक पान्याभोवती पेन्सिलीनं रेघ मारून ठेवलीय.”

“खाली अंधार असतोय.”

“डोक्याला बांधायची बॅटरी मिळते. आणते.”

“पाना हातातनं घरंगळला तर कोन दील?”

“दोन घेऊन जाते खाली.”

“उताणं पडल्यावर कुटल्या बाजूला फिरवायचं ते उलटं वाटतंय. भल्याभल्यांनी बोल्टाचं आटं घालवल्यात.”

“बोल्टशेजारी खडूनं बाण काढते.”

उस्ताद हसले. असा विद्यार्थी त्यांच्या गॅरेजला पंचेचाळीस वर्षांत मिळाला नसेल. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार, आणि प्रत्येक उत्तरात एकच माणूस.

त्यांनी आपला ग्लास उचलला. त्यातला चहा, एक घोटही न घेता, तुळशीसारख्या वाढलेल्या सब्ज्याच्या कुंडीत ओतून टाकला. रिकामा ग्लास बाकड्यावर ठेवला. मग बाईंचा ग्लास घेतला आणि तोही ओतला.

बाई पाहतच राहिल्या. त्यांचा चहा अर्धा प्यायचा होता.

उस्तादांनी किटली उचलली. तोटी ग्लासावर वाजायला लागली. बाईंचा हात सवयीनं पुढे गेला.

उस्तादांनी किटली मागे घेतली आणि थांबले. बाईंचा हात परत मांडीवर जाईपर्यंत ते तसेच थांबून राहिले.

मग त्यांनी ओतायला सुरुवात केली. थोडा चहा ग्लासात पडला, थोडा बाकड्यावर. थोडा त्यांच्या बोटांवर पडला, तेव्हा त्यांनी ओठ आवळले, पण किटली खाली ठेवली नाही. बाईंना ते बघवेना. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरून ठेवलं. ग्लास भरायला केवढा वेळ लागला!

उस्तादांनी ओला ग्लास दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला.

“घ्या.”

बाईंनी घेतला. एक घोट घेतला.

“मगाशी तुमी चहा प्यालासा,” उस्ताद म्हणाले. “आता मी पाजला.”

...

शेजारचं मसाल्याचं कुटणं थांबलं होतं. बाईंनी ग्लास खाली ठेवला नाही, तोंडालाही लावला नाही.

“अप्पा दिवसभर काय करत्यात?”

“बसलेले असतात. मी त्यांना कशाला हात लावू देत नाही.”

“सदरा कोन घालतंय?”

“मीच.”

“डावा हात चालतोय म्हनं त्यांचा.”

“चालतो. पण एका बटणाला पाच मिनिटं लागतात. बघवत नाही.”

“कुणाला?”



एकतीस वर्षं बाईंनी फळ्यापुढे उभ्या राहून मुलींना प्रश्न विचारले होते, आणि उत्तर येत नसताना खाली मान घालून उभ्या राहणाऱ्या मुलींचा त्यांना राग यायचा. आता त्यांची मान खाली गेली होती. नऊ महिने त्या पहाटे पाचला उठत होत्या. अप्पांना दात घासून देत होत्या, घास भरवत होत्या, वर्तमानपत्राची घडीसुद्धा उलगडून हातात देत होत्या. लोक म्हणायचे, बायको असावी तर अशी. त्यांनाही ते खरं वाटायचं. बरंही वाटायचं.

एकदा श्रावणात अप्पांनी डाव्या हातानं पाण्याचा तांब्या उचलला होता. त्यांनी धावत जाऊन तो काढून घेतला होता. त्यानंतर अप्पांनी तांब्याला हात लावला नाही. हे बाईंना इतके दिवस आठवलं नव्हतं, ते आत्ता आठवलं.

“मी...” त्या म्हणाल्या. “मी त्यांना दाखवायला निघाले होते की तुमच्यावाचून अडत नाही.”

“हं.”

“ते त्यांना आधीच दिसलंय.”

उस्तादांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलं, लपवलं नाही. मग नाक ओढून त्या ताठ बसल्या. रडून झाल्यावर कामाला लागायचं, हा त्यांचा स्वभाव होता, आणि तो एवढ्यात बदलणार नव्हता. त्यांनी वही उघडली, चौऱ्याऐंशी आणि एकसष्टवर एक तिरकी रेघ मारली आणि कोरं पान काढलं.

“गाडी मी चढवते,” त्या म्हणाल्या. “विटा मी लावते. खाली मी जाते. त्यांना बाहेर गाडीपाशी पाटावर बसवते... नाही. बसायला सांगते.”

“हं.”

“उजेड ते धरतील.”

“व्हय.”

“कुठल्या बाजूला फिरवायचं ते मी त्यांनाच विचारीन. खडूचा बाण नको.”

“बरं.”

“ते नको म्हणाले तर?”

“दुसऱ्या दिवशी इचारा. पाच दिस हायती की.”

“पाचही दिवस नको म्हणाले तर?”

“मग औंदा नवमीला हार न्हाई.”

बाईंना हा घाव बसला. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. पण त्यांनी मान हलवली आणि तेही लिहून घेतलं. मग वही पिशवीत टाकली, पदर खोचला आणि उठल्या. फाटकापर्यंत गेल्या. कडीला हात घातला आणि थबकल्या. एक पायरी अजून राहिली होती, आणि ती गाळून जाणं त्यांना जमणारं नव्हतं.

त्या परत आल्या.

“उस्ताद, त्यांचा डावा हातही फार हलतो हो. तुमच्यापेक्षाही. मी खाली पडलेली असणार, आणि बॅटरी त्यांनी धरली तर उजेड एका जागी ठरणारच नाही. बोल्ट आत्ता दिसला, आत्ता गेला, असं होईल. मग मी काय करू?”

उस्तादांनी किटलीचं झाकण लावलं. तेही एका खेपेत बसलं नाही.

“हलत्या उजेडात बोल्ट काढा.”